डावऱ्या हाताची नटी

मला लिहायची सवय नाही. मराठी तिसरी झाली आणि होडीवर गेलो, तो हातपाय थकेपर्यंत उतरलो नाही. बायको जाऊन आठ महिने झाले. घरात बोलायला माणूस नाही म्हणून हे लिहितो. सिनेमाबद्दल लिहितो, कारण आमचं भांडण व्हायचं ते बहुतेक सिनेमावरून. बाकी भांडायला आम्हाला वेळ नव्हता.

तेव्हा सिनेमा मुका होता. थळहून आम्ही चौलच्या जत्रेला सुकी मासळी घेऊन जायचो आणि तिथं बायस्कोपचा तंबू लागायचा. दिवेलागण झाली की एक माणूस हातानं यंत्र फिरवायचा, दुसरा पेटी वाजवायचा. मी पहिली चित्रं बघितली त्यात बायांची कामं पुरुषच करत. एका देवीच्या हनुवटीवर दाढीची निळी सावली मला चांगली दिसली होती. पण आजूबाजूचे हात जोडत होते, म्हणून मीही जोडले.

पुढं खऱ्या बाया कामं करायला लागल्या आणि बायस्कोपला गोडी आली. नायक मात्र नुसते पैलवान. एक होता, तो घोड्यावरून पडायचा, माडीवरून उडी मारायचा आणि दुःख झालं की कपाळावर हात मारून घ्यायचा. दुसरं दुःख त्याला येतच नव्हतं. खलनायक कसलेला असायचा. मिशीवरून त्यानं बोट फिरवलं की आमची पुढची रांग आईबापावरून शिव्या घालायची. असा नट आता राहिला नाही. आताचे खलनायक बघून जेवायला बोलवावंसं वाटतं.

मग एका वर्षी एक नवीन नटी आली. डोळे मोठे होते, पण डोळे काय, सगळ्याच वटारायच्या. ही उभी छान राहायची. काही न करता नुसतं उभं राहायचं, आणि तरी माणसानं तिच्याकडंच बघायचं, हे सोपं नाही. खेळ असा होता, की राजा कुणाचं तरी ऐकून राणीला हाकलून देतो. राणी धर्मशाळेत रांधायला राहते. बऱ्याच वर्षांनी राजा वाटसरू होऊन तिथंच जेवायला येतो आणि तिला ओळखत नाही. ती त्याला वाढते. वाढताना तिचा हात एवढा मोठा दिसायचा, की भाताची शितं मोजावीत. मी रडलो. पैलवानाच्या उडीला टाळ्या पिटणारा मी, त्या भातावर रडलो.

माझं लग्न होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. बायको म्हसळ्याकडची, खाडीकाठची. कामाला वाघीण, पण डावरी. माझ्या आईला ते खपत नव्हतं. मासळी कापायला डावा हात चालायचा, कारण उजव्या हाताच्या दोघी कापतील तेवढी ती एकटी कापायची. पण वाढायचं उजव्या हातानं, आणि पहिलं गिऱ्हाईक आलं की भवानी पण उजव्या हातानं. तिच्याकडून चूक व्हायचीच. मग आई तिच्या डाव्या हाताच्या बोटांना लुगड्याची चिंधी गुंडाळून गाठ मारायची. चूल पेटल्यापासून जेवणं होईपर्यंत ती गाठ सुटायची नाही. त्या वर्षी आमच्या जाळ्यात काही येत नव्हतं. आई म्हणायला लागली, हिच्या हाताचं अन्न खाऊन होडी समुद्रात जाते, दुसरं काय होणार. जत्रेला निघायच्या आदल्या दिवशी तिनं मला सरळ सांगितलं, की जत्रा झाली की हिला म्हसळ्याला पोचवून ये. मी हो म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. खाली बघून जाळं विणत बसलो. बायको आतल्या दाराशी होती, तिनं ते ऐकलं होतं.

तंबूत पडदा मधोमध असायचा. पुरुष पुढं आणि बायका पडद्यामागं. पडद्यावर बादलीनं पाणी मारलं की चित्र मागनंही लख्ख दिसायचं. आई आणि बायको वाडीतल्या बायांबरोबर मागं बसल्या, मी पुढं होडीवरच्या गड्यांबरोबर. खेळ सुटल्यावर सगळे एकत्र मुक्कामाकडं चाललो. आई चार पावलं मागं होती. बायको कधी नाही ती माझ्याजवळ येऊन चालायला लागली. तोंड फुललेलं.

"अवो, राणी डावरी हाय."

मी म्हटलं, उजव्या हाताची आहे, मी काय आंधळा आहे का. तर म्हणाली, डाव्या हातानं वाढलं, डाव्या हातानं डोळं पुसलं. मी विचारलं, मग राजा कुठल्या हातानं जेवला. तेव्हा म्हणाली, "राजाकडं कोण बघतंय?"

मला राग आला. बायको चार माणसांत उलट बोलते याचा आला, आणि म्हसळ्याला पोचवायचं मनात घोळत होतं त्याचाही असेल. मी मोठ्यानं म्हटलं, "येडी हायस तू. डोक्यानं पण डावरीच."

गडी हसले. ती मागं राहिली. पण मग बायांनी मला घेरलं. एकजात सगळ्या म्हणाल्या, की राणी डावरीच. एकीनं तर आणखी माहिती दिली, की ती गुजरात्याची पोर आहे, पदर उजव्या खांद्यावर घेते, आपल्या पेठेतल्या शेठाणीसारखा. गडी म्हणाले, पदर डाव्या खांद्यावर होता. निम्मी वाडी इकडं आणि निम्मी तिकडं. आई मात्र बायकोच्या हाताकडं बघत चालली होती.

मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी तोच खेळ होता. मध्येच उठून मी तंबूला वळसा घातला आणि मागच्या बाजूची कनात जराशी उचलून बघितलं. बायका बसलेल्या आणि पडद्यावर राणी वाढतेय. डाव्या हातानं. पदर उजव्या खांद्यावर. मला वाटलं भुताटकी आहे. तेवढ्यात चित्र गेलं आणि मजकूर आला. मला वाचायला वेळ लागतो, पण त्या दिवशी एक अक्षर लागेना. मग ध्यानात आलं, की सगळी अक्षरं उलटी आहेत, आरशात दिसतात तशी. बायांना वाचता येत नव्हतं, त्यांना उलटं काय आणि सुलटं काय.

मी जिंकलो होतो. बायका परत आल्या की सगळ्यांसमोर सांगायचं असं ठरवूनच मुक्कामावर जाऊन बसलो. त्या आल्या. आम्ही घरची तिघं जेवायला एका बाजूला बसलो. बायको हात पुढं करून आईसमोर उभी राहिली, चिंधी बांधून घ्यायला. रोजचंच होतं ते. आईनं चिंधी हातात घेतली. मग तिनं त्या चिंधीनं गरम टोप उचलून खाली ठेवला.

"वाढ गो," आई म्हणाली. "राणीच्या हातचं राजा जेवला, मला काय होतंय?"

बायकोनं डाव्या हातानं भात वाढला. शितं बाहेर सांडली. आई ती वेचून जेवली. माझ्या तोंडात जे होतं ते मी भाताबरोबर गिळलं. म्हसळ्याचं नाव आईनं परत काढलं नाही. जाळी काही लगेच भरली नाहीत, पण त्याला मग वारा कारण झाला.

गडी पुढं महिनाभर किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करताना तोच वाद घालायचे. मला साक्षीला बोलवायचे, कारण सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडलो होतो. मी म्हणायचो, डोळ्यात धूर गेला होता, मला नीट दिसलं नाही. बायकोनं डोळं काढून घेतलं काय, असं विचारायचे. घेतलं म्हणायचो.

काही वर्षांनी बोलपट आला. आम्ही रेवसहून लाँचनं मुंबईला गेलो, काम मासळीच्या लिलावाचं होतं, पण आईनं हट्ट धरला की आपली राणी बोलायला लागलीय, तिला ऐकून यायचं. पक्कं थेटर. पडद्यामागं भिंत. सगळे पुढं, बायकांचे बाक तेवढे वेगळे. दार ओलांडलं आणि मला दोघींना घेऊन परत फिरावंसं वाटलं. बोलपटाचं पहिलं कौतुक असं, की मोजून वीस तरी गाणी. कुणी मेलं तर गाणं, पत्र आलं तर गाणं. आमचा पैलवान त्यात होता, पण आवाज असा, की बोकड बरा. मुका होता तेव्हाच चांगला होता बिचारा. नटीचा आवाज मात्र तिच्या उभं राहण्यासारखा होता, जाड आणि सावकाश. मी तो ऐकत नव्हतो. तिचा हात बघत होतो. तिनं पत्र लिहिलं उजव्या हातानं, दिवा लावला उजव्या हातानं. पदर डाव्या खांद्यावर.

बाहेर आलो. आईच्या मनात आता जुनं सगळं परत उभं राहणार, असं मी धरूनच चाललो होतो. धक्क्यावर लाँचची वाट बघताना आईनं पान थुंकलं आणि म्हणाली, "बघितलास तिचा हात? कुणीतरी बांधून ठेवून मोडला. पदर पण बदलायला लावला. कुठल्या घरात पडली कुणास ठाऊक."

मग बायकोला म्हणाली, "तू ऱ्हा हाय तशी."

त्यानंतर आईनं त्या नटीचा एकही बोलपट बघितला नाही. बघवत नाही म्हणायची.

आई गेल्यावर मी बायकोला खरं सांगितलं. लपवून ठेवणं मला जमत नाही, एवढी वर्षं जमलं तेच खूप. कनात उचलून बघितलेलं सांगितलं, उलटी अक्षरं सांगितली, एका पाटीवर काढून दाखवली. ती वाकटी मासळी साफ करत होती. हात थांबला नाही.

"तुमच्या बाजूनं उजवी असंल," ती म्हणाली. "आमच्या बाजूनं डावी व्हती. आमी बघितलं ते बघितलं."

मी म्हटलं, अगं पण खरी कुठली. तर म्हणाली, तिनं काय आपल्या ताटात वाढलं, खरा हात कुठला ते विचारायला.

तेव्हा तरी मी तिला म्हणायला हवं होतं, की त्या रात्री चार माणसांत तुला येडी म्हटलं ते चुकलं. म्हसळ्याचं ऐकून गप्प बसलो ते त्याहून चुकलं, आणि जे मी बोलायला हवं होतं ते एका पडद्यावरच्या बाईनं मुक्यानं केलं. हे सगळं तोंडाशी आलं होतं. मी विचारलं, वाकटी आज कशी भाजतेस, खोबरं घालून का नुसती.

ती म्हणाली, खोबरं घालून. डाव्या हातानं वाढली. आम्ही जेवलो.