निकाल सांगायचा नाही

राजपाल ओव्हाळनं धाराशिवच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून अर्धं आयुष्य माइक हातात धरला, आणि माइकची एक वाईट खोड असते. तो खाली ठेवला तरी माणूस त्यातच बोलत राहतो. "लातूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे," हे ज्या आवाजात, त्याच आवाजात राजपाल सांगायचा की 'ध्रुवयान' तिसऱ्या भागातच संपवायला हवं होतं आणि हॅलरटननं आपला कप्तान विकला त्या दिवशी फुटबॉल मेला. गाडी लागली म्हणजे लागली. त्यात चर्चा कसली?

'ध्रुवयान' म्हणजे हिंदीत आलेली परदेशी सिनेमांची मालिका. एक जुनाट अंतराळयान, त्याचा म्हातारा कप्तान आणि भाग संपले तरी न संपणारी लढाई. हॅलरटन हा इंग्लंडातला एक क्लब, बहुतेक वेळा हरणारा. हा क्लब त्यानं का निवडला, हे कुणालाच कळलं नाही. जिंकणाऱ्याच्या मागं कुणीबी जातंय, एवढंच तो म्हणायचा.

स्थानकासमोर महारुद्रअप्पांचं चहाचं हॉटेल होतं. तिथं तो पाय पसरून बसायचा आणि मतं वाटायचा. गोलकीपरनं चेंडू लांबच मारला पाहिजे, पायात खेळवत बसणं ही श्रीमंतांची थेरं. पडद्यावर बघून निर्णय देणारा पंच म्हणजे उत्तरं समोर ठेवून परीक्षा देणारा विद्यार्थी. आणि अंतराळात आवाज होत नाही, हे कबूल, पण पहिल्या तीन भागांतला आवाज चालतो, कारण तो मनापासून केलेला आहे.

"राजपाल," अप्पा गंभीरपणे विचारायचे, "त्या यानात संडास कुठं असतोय रं?"

"मागच्या बाजूला. चौथ्या भागात दाखवलाय. तिथूनच मालिका घसरली."

सगळं हॉटेल हसायचं. राजपाल हसायचा नाही. आपली टिंगल चालली आहे हे त्याला कधीच कळलं नाही. कदाचित म्हणूनच तो लोकांना आवडायचा.

ही मतं खरोखर मन लावून ऐकणारं जगात एकच माणूस होतं, त्याची मुलगी श्रावस्ती. चालता येऊ लागल्यापासून ती बापाच्या मांडीवर बसून हॅलरटनचं हरणं बघत आली. 'ध्रुवयान'चे भाग दोघांनी डिस्क झिजेपर्यंत पाहिले. भांडण झालं ते फक्त सहाव्या भागावरून. त्यात लढाई ऐन भरात असताना कप्तान यान मागं वळवतो. एका ओसाड चौकीवर यंत्रं दुरुस्त करणारी एक पोरगी राहिलेली असते, तिला आणायला. लढाई हातची जाते.

"बकवास," राजपाल म्हणाला. "एका पोरीपायी हजार माणसं घालवली. हा कप्तान न्हाय. सहावा भाग मी धरतच न्हाय."

"पण ती तिथं वाट बघत होती ना, पप्पा," दहा वर्षांची श्रावस्ती म्हणाली.

"वाट बघू दे की. लढाई आधी."

मग राजपालचा नियम. सामने रात्री असायचे आणि याची ड्यूटीही बऱ्याचदा रात्रीची, म्हणून तो सामना रेकॉर्ड करायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचा. तोवर फोन बंद, पेपर बंद, हॉटेल बंद. निकाल सांगायचा नाही. साऱ्या गल्लीला हे माहीत होतं. एकदा शेजारच्या हरणाबाईंनी नातवाकडून ऐकलं आणि भाजी निवडता निवडता बोलून गेल्या, "भाऊ, तुमची माणसं हरली म्हनं." राजपालनं त्या म्हाताऱ्या बाईशी महिनाभर अबोला धरला. बायको क्षमानं समजावलं, श्रावस्तीनं समजावलं. व्यर्थ. तेव्हापासून त्याचा सामना बाकी असला की हरणाबाई त्याला बघून पदर तोंडावर घ्यायच्या.

श्रावस्ती कॉलेजात गेली ती खेळायलाच लागली. बापाकडून ऐकलेलं सगळं तिच्या पायांत उतरलं होतं. जिल्ह्यात तिच्याइतकं पळणारं कुणी नव्हतं, आणि पुढं गोव्याच्या एका व्यावसायिक क्लबनं तिला चाचणीसाठी बोलावलं. खेळायचं आणि खेळण्याचा पगार घ्यायचा! क्षमानं पोरीला मिठी मारली. राजपाल म्हणाला, "तिथं गेलीस की रजा टाकून येतो बघायला. तिकडं खरा फुटबॉल. हितं आपल्याकडं नुसती पळापळी हाय." इथं खेळत होती तोवर तो एकदाही मैदानावर गेला नव्हता. घरापासून जिल्हा क्रीडा संकुल असं कितीसं लांब!

चाचणीआधीचा शेवटचा सामना रविवारी दुपारी चारला होता. जिल्ह्याची फायनल. आदल्या रात्री हॅलरटनचा सामना झाला होता. त्या सामन्यावर त्यांचं वरच्या गटात राहणं ठरणार होतं. राजपाल रात्रपाळी करून सकाळी घरी आला तो कानात कापूस घालूनच.

"पप्पा, चारला आहे. याल ना?"

"शिरू, तिथं सगळी फुटबॉलची पोरं असणार. एखादं बोलून गेलं म्हंजे? सगळ्याची माती. आईला शूटिंग करायला सांग, मी संध्याकाळी बसून बघतो, नीट. आणि निकाल सांगू नको हं मला!"

खरं सांगायचं तर हे बोलताना त्याला वाटत होतं की आपण पोरीचा मानच करतोय. हॅलरटनचा सामना बघतो तसाच तिचाही बघणार, निकाल न ऐकता. आणखी काय हवं? श्रावस्ती बुटांच्या नाड्या बांधत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि आईबरोबर गेली.

तो झोपून उठला आणि साडेतीनला टीव्हीसमोर बसला. हॅलरटन एका गोलनं मागं, मग बरोबरीत. उत्तरार्ध रंगात आला आणि दारावर थाप पडली. हरणाबाई. क्षमाचा फोन त्यांच्याकडं आला होता, राजपालचा बंद होता म्हणून.

"भाऊ, म्याचमधी—"

"मावशी, गप! एक शब्द बोलायचा न्हाय!"

"आवं, तसं न्हवं, आपल्या पोरीचं—"

त्यानं दोन्ही कानांत बोटं घातली आणि डोळे मिटून मोठ्यानं ओरडला, "सांगू नका म्हणलं ना! मी संध्याकाळी बघणार हाय!" आणि पायानं दार लोटलं.

हरणाबाई दाराबाहेर उभ्या राहिल्या. महिनाभराचा अबोला त्यांना आठवत होता. शिवाय त्यांना वाटलं, माणूस 'बघणार हाय' म्हणतोय, म्हणजे याला ठाऊक असणार, पोरीला बघायला जायच्या तयारीत असणार. त्या पदर तोंडावर घेऊन परत गेल्या. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. ज्यानं सगळ्या गल्लीला गप्प बसायला शिकवलं, त्याच्या दारात माणसं गप्पच बसणार.

हॅलरटन जिंकलं. शेवटच्या घटकेला, कोपऱ्यातून आलेल्या चेंडूवर. राजपाल बनियनवर शर्ट अडकवून थेट हॉटेलात आला. "जिंकलो, अप्पा! सगळ्यांना माझ्याकडून चहा! वाचलो आपण!"

कुणी हसलं नाही. अप्पांनी गॅस बारीक केला.

"राजपाल," ते म्हणाले, "फोन चालू कर बाबा."

श्रावस्तीचा गुडघा गेला होता. एकजण मागून आदळली आणि पाय जागेवर राहून अंग फिरलं. तिला सोलापूरला हलवलं होतं. तो पोचला तेव्हा ती डोळे मिटून पडली होती. क्षमानं नवऱ्याकडं एकदा पाहिलं आणि विचारलं, "झाली का तुमची मॅच?" त्यानंतर आजतागायत ती त्या विषयावर बोललेली नाही. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

ऑपरेशन झालं. पाय सरळ झाला, वेग परत आला नाही. गोव्याचा क्लब काही कुणासाठी थांबत नसतो. आता ती तामलवाडीच्या एका शाळेत मुलींना खेळ शिकवते. रोज सकाळी सोलापूरच्या गाडीनं जाते. त्या गाडीची घोषणा राजपालच करतो. "तुळजापूर, तामलवाडीमार्गे सोलापूरला जाणारी गाडी," त्या एका गाडीला त्याचा आवाज खाली येतो. ती नियंत्रण कक्षाकडं न बघता चढते. घरी बोलते. पप्पा, जेवण वाढलंय. पप्पा, गोळ्या घेतल्या का? फुटबॉलचं मात्र एक अक्षर नाही. 'ध्रुवयान'चा नवा भाग आला, तो तिनं मैत्रिणींबरोबर पाहिला.

मध्यंतरी हॉटेलात तो म्हणाला, "सहावा भाग वाईट न्हवता. कप्तानानं यान वळवलं ते बरोबरच."

"आँ?" अप्पा ओरडले. "आमची एवढी वर्षं डोकी खाल्लीस त्याचं काय?"

राजपालनं चहा संपवला. हे वाक्य जिच्यासमोर बोलायचं ती समोर नव्हती, आणि जे समोर होते त्यांना काय त्याचं!

परवा सुट्टीच्या दिवशी तो न सांगता तामलवाडीला गेला. मुलींचा सराव संपत आला होता. कुंपणापाशी उभं राहून त्यानं निमूट पाहिलं. एक पोरगी चेंडू पायातच घोळवत होती. बोलायला त्याचं तोंड उघडलं आणि त्यानं ते मिटलं. श्रावस्तीनं त्याला पाहिलं. चेंडू जाळीत भरत भरत ती कुंपणाकडं आली.

"पप्पा? काय झालं?"

"काय न्हाय." त्यानं चेंडूंकडं पाहिलं. "शिरू, त्या दिवशीच्या मॅचचा निकाल काय लागला?"

तिनं जाळीचं तोंड आवळलं. त्याला तो निकाल कुणीच सांगितला नव्हता. त्यानं विचारलाही नव्हता.

"हरलो. दोन-एक."

"आपला एक कुणाचा?"

"माझा."

"आईनं शूटिंग केलं होतं ना?"

"केलं होतं. मी पडले तशी आई पळत सुटली, मोबाईल चालूच राहिला. शेवटी नुसतं गवत आणि तिचं रडणं आहे. मी पुसून टाकलं ते."

"गोलसकट?"

"गोलसकट."

वारं सुटलं होतं. पोरी दप्तरं उचलून निघाल्या होत्या. राजपालनं कुंपणाची तार धरली.

"डाव्या पायानं मारलास का?"

तिनं जाळीची दोरी मनगटाला गुंडाळली.

"उजव्या," ती म्हणाली. "आता आणखी विचारू नका, पप्पा." आणि जाळी खांद्यावर टाकून, जरासा पाय ओढत, शाळेकडं गेली.

परतीच्या गाडीत राजपाल खिडकीशी बसला. हॅलरटनचे तीस वर्षांपूर्वीचे गोल त्याला डोळे मिटून दिसतात. कोण कुठून आला, गोलकीपर कुठं चुकला, सगळं. आता त्यानं डोळे मिटले आणि तो एक गोल जुळवायला घेतला. उजवा पाय. म्हणजे ती उजवीकडून आली असेल. चार वाजून गेलेले, म्हणजे ऊन डोळ्यांवर आलं असेल, तिच्या किंवा गोलकीपरच्या. कुणाच्या? ते ठरायला गोलचे खांब कुठल्या बाजूला आहेत हे माहीत हवं. घाट लागला, तुळजापूर आलं, गेलं, आणि राजपाल तिथंच अडकून बसला होता. आपल्याच गावच्या मैदानावर गोलचे खांब कुठल्या दिशेला आहेत, हे त्याला ठाऊक नव्हतं.