सहा आठवडे पिचिंग बंद

चौथ्या इनिंगमध्ये कीथने सेकंड बेसकडे चेंडू फेकला आणि तिथेच गुडघ्यांवर बसला. चेंडू बरोबर पोचला होता, धावणारा बाद झाला होता, आमचे खेळाडू टाळ्या वाजवत होते. कीथ मात्र उठेना. त्याने डाव्या हाताने तोंडावरची जाळी वर सरकवली, उजवा हात पोटाशी धरला आणि मैदानाबाहेर फोल्डिंगच्या खुर्चीत बसलेल्या माझ्याकडे पाहिलं.

मी त्या क्लबची फिजिओ होते. कीथचं कोपर माझ्याकडेच उपचाराला होतं. आणि फलंदाजामागच्या त्या जागी खेळायची परवानगी त्याला मीच दिली होती. तीही हसत हसत.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी बत्तीस वर्षांची, इंग्लंडात हॅरोजवळच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. लग्नाआधी पुण्यात एका जिमखान्याच्या फास्ट बोलरांचे खांदे मी दुरुस्त केले होते. त्यामुळे जगातल्या कुठल्याही खेळातला कुठलाही हात आपल्याला कळतो, अशी माझी ठाम समजूत होती. विमानतळावर सगळ्या सामानाचं वजन झालं, या समजुतीचं तेवढं कोणी केलं नाही.

इंग्लंडात बेसबॉल, म्हणून माझी नात अजूनही हसते. पण होता. हौशी लोकांचा, रविवारी, काउन्सिलच्या पार्कात. आमच्या संघाचा मॅनेजर रे. त्याचं कार्पेटचं दुकान होतं. पाठ दुखते म्हणून आमच्या डिपार्टमेंटला आला आणि जाताना मला क्लबसाठी गळ घालून गेला. "फक्त रविवारी, लव्ह. पट्ट्या बांधायच्या आणि चहा प्यायचा." मी लगेच हो म्हटलं. खेळाचे नियम विचारावेत असं त्या बत्तीस वर्षांच्या बाईच्या मनातही आलं नाही. तिला सगळं येत होतं ना.

पिचर म्हणजे आपला बोलर. फरक इतकाच, की क्रिकेटमध्ये सहा चेंडूंनंतर दुसरा येतो. इथे सामना सुरू करणारा पिचर, ज्याला स्टार्टिंग पिचर म्हणतात, तो दमेपर्यंत टाकतच राहतो. शंभर-सव्वाशे चेंडू सहज. म्हणून संघाला असे तीन-चार जण लागतात, आळीपाळीने. आमच्याकडे तीन होते. मे महिन्यात पहिल्याचा खांदा गेला. जूनमध्ये दुसऱ्याने स्वतःच्याच व्हॅनच्या दारात बोट चिरडून घेतलं. उरला कीथ. तो पहिल्याच्या वाट्याचे टाकू लागला, मग दुसऱ्याच्याही. जुलैमध्ये त्याचं कोपर सुजलं.

राखीव म्हणून एक नॉर्मन होता. भूगोलाचा शिक्षक, वय शेहेचाळीस. त्याचा चेंडू इतका हळू यायचा की वाटेत पत्ता विचारत येतोय असं वाटे. आणि बहुतेक वेळा चुकीच्याच पत्त्यावर जायचा. चार चेंडू असे भलतीकडे गेले, की फलंदाजाला पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा, फुकट मिळतो. त्याला वॉक म्हणतात. नॉर्मन टाकायला लागला की समोरचा संघ पार्कात फिरायला आल्यासारखा चालत असे.

कीथचं कोपर मी तपासलं. आतल्या बाजूला दोन हाडं धरून ठेवणारी एक पट्टी असते, लिगामेंट. बेसबॉलचा चेंडू हात वाकवून, कोपर पुढे काढून फेकतात. दाराला बिजागरीच्या विरुद्ध दिशेने हिसडे द्यावेत, तसा प्रत्येक फेकीला त्या पट्टीवर ताण येतो. कीथची पट्टी दुखावली होती. मी कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सहा आठवडे पिचिंग बंद', आणि खाली दोन रेघा मारल्या.

रेने कार्ड वाचलं. (ही सगळी बोलणी अर्थातच इंग्रजीत झाली. इथे मराठीत देते आहे, रेच्या शिव्या वगळून.)

"मिसेस साळवी, पिचिंग नाही, ठीक. पण तो मागे उभा राहिला तर चालेल ना? कॅचर म्हणून?"

"म्हणजे विकेटकीपर?"

रेने कार्डाची घडी घातली. "तसाच काहीसा."

"मग चालेल की," मी म्हटलं. "आरामाचं काम आहे."

आता माझी बाजू ऐका. लहानपणापासून पाहिलेला विकेटकीपर चेंडू अडवतो, शेजारच्या स्लिपकडे अलगद टाकतो आणि अपील करतो. बेसबॉलचा कॅचर प्रत्येक चेंडू स्वतः पिचरकडे परत फेकतो. पिचरने शंभर टाकले की कॅचरचेही जवळजवळ शंभर होतात. शिवाय कोणी दुसरा बेस चोरायला, म्हणजे फटका न लागताच गाठायला, धावला, की जवळजवळ चाळीस मीटर, बसल्या जागेवरून उठत, जीव खाऊन. मी तो सामना चहा पीत पाहिला. माझा पेशंट कसा विश्रांती घेतोय याचं मला कौतुकही वाटत होतं. चौथ्या इनिंगपर्यंत.

सोमवारी कीथ डिपार्टमेंटला आला. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर. कोपराच्या आतून जाणारी नस दाबली गेली होती.

"कामावर काही त्रास?" मी विचारलं.

कीथ प्लास्टरर होता. त्याने दाराकडे पाहिलं. "आज थापी हातातून पडली. दोनदा. सीलिंग करत होतो."

"मग?"

"मग काही नाही. रेला सांगू नका."

पेशंटने सांगितलेलं बाहेर सांगायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. मी मान हलवली. नस अशीच दाबली जात राहिली तर पकड कायमची जाऊ शकते, हे त्याला सरळ सांगितलं. माझी चूकही सांगितली. तो म्हणाला, "मला माहीत होतं कॅचरला किती फेकावं लागतं. मला खेळायचं होतं, म्हणून गप्प बसलो." म्हणजे मैदानावर मूर्ख मी एकटीच नव्हते, पण पगारी मूर्ख मीच.

कीथने मग प्लास्टरिंग डाव्या हातावर आणता येईल तेवढं आणलं आणि दोन रविवार खुर्चीत बसून काढले. दोन्ही सामने नॉर्मनने टाकले, दोन्ही आम्ही हरलो. आता सीझनचा शेवटचा सामना उरला. तो हरलो तर खालच्या डिव्हिजनमध्ये.

शुक्रवारी रे हॉस्पिटलात आला. "रविवारी कीथ टाकतोय. तो हो म्हणालाय."

"सहा आठवडे झालेले नाहीत."

"त्याचा हात आहे."

"म्हणूनच म्हणते."

रे टेबलावर वाकला. "हे बघा, मिसेस साळवी. कॅचर होऊ दे, असं तुम्हीच म्हणालात. हात तुम्ही बिघडवलात. आता मी तुमचं का ऐकावं?"

खरंच होतं ते. मी म्हटलं, "ऐकू नका. पण मी रविवारी येणार आहे."

"नाही आलात तरी चालेल."

घरी यांना रेचं बोलणं सांगितलं. हे त्याच हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, त्यामुळे लोकांनी शांत पडून राहावं असं यांचं एकूणच मत.

"एकदा तोंडघशी पडलीस," हे म्हणाले. "आता कशाला जातेस?"

"पडायची सवय झाली म्हणून."

"तुला त्यातलं काही कळत नाही, शुभा."

"बेसबॉलमधलं नाही कळत. कोपरातलं कळतं."

"मग रेनकोट ने," हे म्हणाले, आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं. यांच्याकडून मिळणारा एवढाच पाठिंबा मला आयुष्यभर पुरला आहे.

रविवारी मी पोचले तेव्हा कीथ वॉर्म-अप न करताच मैदानाच्या मधल्या उंचवट्याकडे निघाला होता. त्याला माउंड म्हणतात, पिचर तिथे उभा राहून टाकतो. वॉर्म-अप न करण्याचं कारण मला कळलं. त्याच्याकडे मोजून फेकी होत्या आणि त्या त्याला वाया घालवायच्या नव्हत्या. मी कार्डिगनची बटणं लावली आणि त्याच्या आधी जाऊन माउंडवर उभी राहिले.

आधी हशा पिकला. मग रेचा आवाज. मग अंपायर आला, एक निवृत्त पोस्टमास्तर, पँटला इस्त्री.

"मॅडम, तुम्ही पिचिंग करणार आहात?"

"गरज पडली तर करीन."

"तुमचं नाव यादीत नाही."

"मी फिजिओ आहे."

"खेळाडू जखमी असेल तरच फिजिओला मैदानात येता येतं. खेळाडू जखमी आहे?"

"नाही," रे म्हणाला.

मला खरं माहीत होतं. बोलता येत नव्हतं, कीथला शब्द दिला होता. कीथ माझ्या शेजारी उभा, लाल तोंड करून बुटाने माती उकरत. त्याच्या जर्सीचं वरचं बटण उघडं होतं.

"कीथ," मी म्हटलं, "बटण लाव. उजव्या हाताने."

तेवढंच. हे नियमात बसतं की नाही, हे मी अजूनही कोणाला विचारलेलं नाही.

त्याने हात वर नेला. बोटं बटणावर आली, बटण निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. तिसऱ्यांदा त्याने बटण नुसतं चाचपलं. पलीकडच्या संघाचे लोकही आता पाहत होते. हसण्याचे आवाज बंद झाले.

"मंगळवारपासून बायको लावून देतेय," कीथ म्हणाला. रेला उद्देशून, अगदी हळू.

रे त्याच्या हाताकडे पाहत राहिला. कार्पेट अंथरणारा माणूस होता तो, हाताची किंमत त्याला वेगळी समजवायला नको होती. त्याने कीथच्या हातमोज्यातून चेंडू काढून घेतला आणि न वळता हाक मारली, "नॉर्मन. चल, ये."

नॉर्मनने सँडविच खाली ठेवलं.

सामन्याचं काय सांगू. पहिल्या दोन इनिंगमध्येच आम्ही सात धावांनी मागे. तिथे मर्सी रूल नावाचा एक नियम होता. सात इनिंगनंतर एक संघ दहा किंवा जास्त धावांनी मागे असेल, तर दया म्हणून सामना थांबवायचा. हा नियम कळल्यावर आमच्या लोकांनी दया नको असं ठरवलं. नॉर्मन दमला की सेंटर फील्डवाला टाकायला आला, मग फर्स्ट बेसवाला, मग पुन्हा नॉर्मन. सगळे सारखेच वाईट. कीथ बेंचवरून ओरडून प्रत्येकाला चेंडू कुठे टाकायचा ते सांगत होता. रे तर चक्क माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.

सात इनिंग संपल्या तेव्हा आम्ही नऊ धावांनी मागे होतो. अंपायरला सामना चालू ठेवावा लागला. नऊच्या नऊ इनिंग खेळून आम्ही अठरा-नऊ असे हरलो आणि खालच्या डिव्हिजनमध्ये गेलो.

सामान आवरताना रे म्हणाला, "समाधान झालं?"

"नाही. मला जिंकायचं होतं."

"मग माउंडवरून उतरायचं होतंत."

"तेवढं सोडून काहीही सांगा."

कीथच्या बोटांतली बधिरता जायला ऑक्टोबर उजाडला. पकड पूर्ण आली, त्याची थापी पुन्हा उजव्या हातात गेली. पिचिंग त्याने परत केलं नाही, फर्स्ट बेसवर खेळला. पुढच्या सीझनला रेने मला बोलावलं नाही. मी न बोलावता गेले, पण त्याआधी लायब्ररीतून खेळाच्या नियमांचं पुस्तक आणून दोनदा वाचलं. आम्ही पाच वाईट पिचर आळीपाळीने वापरले आणि बऱ्याचदा हरलो.

तीस वर्षांच्या नोकरीत एवढंच शिकले: वाईट पिचरमुळे माणूस सामना हरतो, आणि हरण्यावर फिजिओथेरपी लागत नाही.