रोखलेल्या श्वासाचा फोटो

वारूळवाडीच्या सयाजीला विहिरीत बुडी मारताना पाहिलं, की हा गडी मागच्या जन्मी मासाच असणार असं वाटायचं. पाणी उपसायची मोटार विहिरीत पडो की कुणाची घागर बुडो, नारायणगावापासून घोडेगावापर्यंत निरोप त्यालाच. कंबरेला दोर बांधून तो उतरायचा आणि काठावर दोर धरायला कायम बायको, साळुबाई. नवरा पाण्याखाली गेला की तीही श्वास रोखून धरायची. लग्नानंतर लागलेली खोड. तिचा दम संपायचा, तिनं एकदा श्वास घेतला न घेतला तोच सयाजीचं डोकं वर यायचं. हा हिशोब कधी चुकला नव्हता, आणि बाईचा सगळा धीर त्यावरच होता.

सयाजीचा भाचा आदेश पुण्याच्या एका हॉस्पिटलात एमआरआयच्या खोलीत कामाला होता. २००७च्या उन्हाळ्यात तो मामाला तिकडे घेऊन गेला. तिथले डॉक्टर हृदयाचा स्नायू मोजायच्या दोन पद्धती ताडून पाहत होते. एकीत फोटोच्या वेळी श्वास रोखायचा. दुसरीत खुशाल श्वास घ्यायचा, मशीन आपलं आपण जुळवून घेतं. दुसरी खरी उतरली, तर धाप लागणाऱ्या पेशंटांची सोय होणार होती. त्यासाठी आधी धडधाकट माणसं हवी होती, आणि मामाएवढा धडधाकट माणूस आदेशला दुसरा माहीत नव्हता.

बाकीच्यांचं मोजमाप दोन्हींत जुळलं. सयाजीचं जुळलं नाही. श्वास रोखलेल्या फोटोत हृदयाच्या भिंतीवर डाग दिसला, म्हणजे तिथला स्नायू दुखावलेला. दुसऱ्या फोटोत भिंत स्वच्छ होती.

"मामी, चूक मशीनची पण असंल," मामाला घरी सोडायला आलेला आदेश म्हणाला. "सोमवारी शिरेत औषध सोडून तिसरा फोटो काढायचा हाय. तवर मामांना पाण्यात उतरू द्यायचं न्हाई. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय."

"मला कधी कळ आली का दम लागला?" सयाजी खवळला. "माझ्याएवढा दम त्या डॉक्टरानं धरून दावावा, मग बोलावं!"

त्यातच घोडेगावाकडून गेणभाऊचा निरोप आला. त्याची मोटार विहिरीत पडली होती, पीक वाळत होतं. सयाजी दोर शोधायला लागला. नवरा डॉक्टरला जुमानणार नाही, देवाला तरी जुमानेल, म्हणून साळुबाई भावकीसमोर बोलून गेली, "दोन फोटूतला खरा कोन्ता, त्ये भैरवनाथालाच इचारू."

गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं लावली. डावं पडलं तर डाग खरा, उजवं पडलं तर भिंत स्वच्छ. साळुबाई डाव्या फुलाकडे डोळे लावून बसली. तिनं देवाला हात जोडले, नवस बोलली, मनातल्या मनात भांडलीसुद्धा.

उजवं पडलं.

"कौल मिळाला!" भावकी खूश झाली. सयाजी तर पोरासारखा हसला. आपण नको त्या दारी नको तो प्रश्न नेला, हे साळुबाईला तिथंच कळलं, पण मागितलेला कौल मोडायची तिची छाती झाली नाही.

गेणभाऊच्या विहिरीचं पाणी काळं होतं. सयाजी उतरला. साळुबाईनं श्वास रोखला. दम संपला, तिनं श्वास घेतला, पुन्हा घेतला, पुन्हा घेतला. तेव्हा कुठे डोकं वर आलं. ओठ निळसर झाले होते.

"आवं, बास झालं. वर या."

"मोटार गाळात रुतलीय, एवढंच. आकडा अडकवला की झालं."

"वहिनी, देवानं सांगितलंय की," गेणभाऊ हसत म्हणाला. "कशापायी घाबरता?"

सयाजीनं छाती भरून घेतली आणि तो पुन्हा खाली गेला.

या वेळी तिनं श्वास रोखलाच नाही. पाण्यावरचे बुडबुडे थांबले तशी ती त्याच्या कंबरेचा दोर ओढायला लागली.

"आत्ता तर गेलाय, राव! लई येळ हाय अजून," काठावरचे लोक ओरडले.

तिनं कुणाचं ऐकलं नाही. वर येताना सयाजी पाय मारायचा, म्हणून दोर नेहमी सैल हातात यायचा. इतक्या वर्षांत तो तिला कधी ओढावा लागला नव्हता.

आज दोर जड लागत होता.