हेल्मेट कुणी काढायला लावलं

ओरेस्ट हलुश्का सतरा वर्षं व्यावसायिक आइस हॉकी खेळला आणि त्यात त्याने एकूण नऊ गोल केले. गावातल्या कॉफीच्या दुकानात बसणारी म्हातारी मंडळी अजून विचारतात, "काय रे, दहावा कधी?" तो बिचारा हसून घेतो. त्याला गोल करायला कुणी ठेवलंच नव्हतं. संघातल्या हुकमी खेळाडूला कुणी धक्का मारला, की प्रशिक्षक मागून ओरेस्टच्या खांद्यावर थाप मारायचा. मग त्याने बर्फावर उतरायचं, त्या माणसाचं थोबाड फोडायचं आणि पाच मिनिटं शिक्षेच्या बाकावर जाऊन बसायचं. एवढीच नोकरी.

सोळाव्या वर्षी त्याला कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या शेतावरून उचलून नेलं, ते त्याच्या मुठी बघून. पुढे मोठ्या लीगमध्ये जेमतेम चाळीस सामने मिळाले, बाकी सगळं आयुष्य बसमधून लहानसहान शहरं पालथी घालण्यात गेलं. कुणाचा जबडा मोडला, कुणाचा डोळा अधू झाला. तीनदा बंदी आली. वर्तमानपत्रं त्याला कसाई म्हणायची आणि त्याचाच रक्ताने माखलेला फोटो पहिल्या पानावर छापायची. त्यातलं ढोंग कुणाला खटकलं नाही. तिकिटं खपत होती.

या मारामारीलाही रीत होती. आधी विचारायचं, "यायचं का?" समोरचा नाही म्हणाला तर सोडून द्यायचं. हो म्हणाला तर हातमोजे टाकायचे. मूठ हेल्मेटवर बसली की बोटं मोडतात, म्हणून मुरलेले गडी आधी हेल्मेटही उतरवायचे. हा मोठा सभ्यपणा समजला जायचा. पायाखाली दगडासारखा बर्फ आहे, हे मात्र कुणाच्या डोक्यात येत नसे.

ज्यूल ग्रँडबोआ या सभ्यपणापायी मेला. बावीस वर्षांचा, पहिलाच हंगाम. ओरेस्टचा उजवा ठोसा बसला, ज्यूल उताणा पडला आणि उघडं डोकं बर्फावर आपटलं. चार दिवसांनी गेला. चौकशी झाली. चित्रफितीत स्वच्छ दिसत होतं, की हेल्मेट आधी ज्यूलने काढलं. दोघं काय बोलले ते त्यात ऐकू येत नव्हतं. "पोराने आपणहून काढलं," असं लीगने लिहून टाकलं. ओरेस्ट सुटला, आणि गप्प बसला.

त्याला अकरा वर्षं झाली. आता तो गावच्या रिंकवर बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवतो. डोक्यावर खाल्लेल्या ठोशांमुळे उजेड सहन होत नाही. बायको केव्हाच रिजायना शहरात निघून गेली.

मार्च संपत आला होता. हंगाम उरकला म्हणून ओरेस्ट दुपारी रिंकचं गारठवणारं यंत्र बंद करत होता. तेवढ्यात एक म्हातारा कठड्यापाशी येऊन उभा राहिला.

"हलुश्का तूच ना? मी एमिल ग्रँडबोआ. ज्यूलचा बाप."

म्हातारा मारायला आलाय असं ओरेस्टला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. तो हात खाली सोडून उभा राहिला.

"बस रे. माझा खांदा गेलाय, मी कसला मारतोय. जानेवारीत ज्यूलची आई गेली."

"वाईट झालं."

"त्याने तिला शब्द दिला होता. चर्चमध्ये, मेणबत्ती लावून. काय वाटेल ते झालं तरी हेल्मेट काढणार नाही म्हणून. आणि तिने टीव्हीवर काय बघितलं? पोरगा आपल्या हाताने काढतोय. अकरा वर्षं तिने त्याचं नाव घेतलं नाही. शेवटी पाद्री म्हणाला, माफ करा त्याला. तर म्हणते, खोटारड्याला कशाला माफ करू?" एमिलने नाक पुसलं. "तू हातभर अंतरावर होतास. का काढलं त्याने?"

माहीत नाही म्हटलं असतं तर म्हातारा निघून गेला असता. ओरेस्टच्या जिभेवर ते आलंही होतं.

"मी काढायला लावलं. तो म्हणाला, नको, आईला कबूल केलंय."

"मग?"

"मी हसलो. म्हटलं, मग आईलाच पाठव की खेळायला."

एमिलने कठडा घट्ट धरला.

"चौकशीत का नाही बोललास?"

"घाबरलो. नंतर रोज वाटायचं सांगावं. मग लाज वाटायची."

"एक फोन करायचास रे. जानेवारीच्या आधी कधीही." त्याने टोपी घातली. "चल, जॅकेट घे."

"कुठे जायचं?"

"जमीन अजून गोठलेली आहे, खणता येत नाही, म्हणून ज्यूलच्या आईला पुरलेलं नाही. स्मशानातल्या कोठीत ठेवलीय. हा राग घेऊन तिला मातीत जाऊ द्यायचं नाहीय मला. तू सांग तिला. मी सांगून उपयोग नाही, मी कायम त्याचीच बाजू घेतो म्हणायची."

तीन तास गाडीने जाऊन दोघं स्मशानात पोचले. कोठीत पाच शवपेट्या होत्या. एमिलने कडेच्या पेटीवर हात ठेवला आणि मानेने खूण केली. ओरेस्टने पुटपुटत सांगायला सुरुवात केली.

"मोठ्याने बोल," एमिल म्हणाला. "शेवटी शेवटी तिला कमी ऐकू यायचं."

ओरेस्टने पुन्हा पहिल्यापासून सगळं मोठ्याने सांगितलं. आपण हसलो होतो, तेसुद्धा.