गार आणि गरम

नाहूर स्टेशनजवळच्या त्या मराठी शाळेत पहिलीचा वर्ग वाचू लागला, की फाटकाशी उभे असलेले पालक बोलायचे थांबत. सुगंधा राणे वीसेक वर्षं पहिलीच शिकवत होती. ती एक ओळ म्हणायची, सगळे गळे ती उचलायचे. पट दरवर्षी घसरत असलेल्या त्या शाळेकडे मिरवण्यासारखं एवढंच उरलं होतं.

यंदा पहिली-दुसरीच्या शिक्षकांना वाचन शिकवण्याचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. कुर्ल्याच्या सभागृहात ती आणि दुसरीच्या वर्गाची दीप्ती शेजारी बसल्या.

"आता आपल्याला अ आ इ शिकवणार हे," दीप्ती म्हणाली. "चहा तरी बरा असू दे यार."

प्रत्येकीने एका मुलाच्या वाचनाचा व्हिडिओ आणायचा होता. सुगंधाने मिथुनचा आणला होता. वर्गात त्याच्याइतकं खडखडीत कुणी वाचत नसे. प्रशिक्षक शुभाताईंनी तो पडद्यावर लावला आणि आवाज बंद केला.

"आता नुसतं बोट बघा."

मिथुनचं बोट अजून तिसऱ्या ओळीवर होतं, आणि त्याने पान उलटलं.

"पाठ आहे," शुभाताई शांतपणे म्हणाल्या. "कान तयार झालाय, डोळा नाही. पुस्तकात नसलेला एखादा शब्द देऊन बघा."

दीप्ती हसली नाही.

परतल्यावर सुगंधाने फळ्यावर 'गरम' लिहिलं आणि एकेकाला कानात सांगायला बोलावलं.

"मगर," मिथुन म्हणाला.

"नीट बघ रे."

त्याने फळ्याकडे पाहिलंच नाही. तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. "गणपती?"

त्याच्यामागून आलेल्यांपैकी बहुतेकांनी पुस्तकातली मगरच सांगितली.

मधल्या सुट्टीत ती वर्गाबाहेर आली तेव्हा व्हरांड्यात नवं पाण्याचं मशीन बसत होतं. माजी विद्यार्थ्यांनी दिलेली भेट. स्टीलचे दोन सारखेच नळ, वर कागदी पट्ट्या: गार, गरम.

"हा इलेक्ट्रिशियन लाल-निळी खूण करू म्हणत होता," मुख्याध्यापिका प्रेमाबाई म्हणाल्या. "म्हटलं, आमची पहिलीतली पोरं धडाधड वाचतात. रंग कशाला?"

"बाई, गरम नळ थोडे दिवस बंदच ठेवू या."

"अगं, उद्या देणारी मंडळी येतायत. मिथुन पट्टी वाचून गार पाण्याचा पेला भरून देणार. तुझाच मान आहे ना? प्रशिक्षणाने घाबरवलं की काय तुला?"

सुगंधा खरं काय ते बोलणार होती. बोलली, "नाही बाई."

शाळा सुटल्यावर तिने मिथुनला थांबवून घेतलं. डावा गार, उजवा गरम. तो एका दमात म्हणू लागेपर्यंत घोकून घेतलं. घरी भाकरी थापताना तिचा हात मध्येच थांबला. हेसुद्धा पाठच होतं.

सकाळी ती पोचली तेव्हा पाहुणे खुर्च्यांवर बसलेले होते. मशीनवर वाफ धरली होती. जोडणी उलटी झाल्याचं इलेक्ट्रिशियनच्या लक्षात आलं होतं. नळ काढण्याऐवजी त्याने पट्ट्या बदलल्या होत्या. गरम आता डावीकडे होतं.

सुगंधाला ते दिसेपर्यंत मिथुन पेला घेऊन पुढे गेला होता. 'गरम'वर बोट ठेवून खणखणीत आवाजात म्हणाला, "गार!"

टाळ्या पडल्या. पट्टी कुणी वाचली नाही. त्याने पेला डाव्या नळाखाली धरला आणि दुसरा हात वर नेला.

सुगंधाने त्याला दंड धरून मागे ओढलं. पेला फरशीवर आपटला.

"अगं, काय करतेस?" प्रेमाबाई कुजबुजल्या.

"त्याला वाचता येत नाही, बाई. वर्गातल्या बहुतेकांना येत नाही. मी पाठ करून घेतलं."

तेवढ्यात वरच्या मजल्यावर दुसरीचा वर्ग एका सुरात वाचू लागला. गेल्या वर्षीची तिचीच मुलं. दीप्ती जिन्याच्या पायरीवर उभी होती. वर्गात ओळ सांगायला कुणीच नव्हतं. सूर मात्र एकदाही चुकत नव्हता.