बॅनरमागचा देवमासा

“आणि देवमासा दिसला नाही, तर जबाबदारी कोणाची?” आबासाहेबांनी विचारलं.

“देवमाशाची,” मी म्हणालो.

आमच्या मालकांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. आबासाहेब हसले नाहीत. ते सहसा हसत नाहीत. त्यांच्या वतीने त्यांचे सचिव हसतात. सचिवांनी आधी साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग तेही गप्प राहिले.

मी हिंगोलीत टूर मॅनेजर आहे. व्हिजिटिंग कार्डावर हा शब्द भारदस्त दिसतो. प्रत्यक्षात काम असं, की बस सुटायच्या आधी डोकी मोजायची, कोणाला खिडकी हवी आणि कोणाला गाडी लागते ते ध्यानात ठेवायचं, आणि जे काही चुकेल ते आपल्यामुळेच चुकलं असा चेहरा करायचा. डोकी मोजण्याला आमच्या धंद्यात हेडकाउंट म्हणतात. त्या चेहऱ्यासाठी अजून शब्द निघालेला नाही.

आबासाहेब आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडच्या एका हळद उत्पादक कंपनीचे चेअरमन. शेतकऱ्यांनी शेअर घालून ही कंपनी काढली आणि हळद शिजवायचा मोठा कुकर घेतला. ओली हळद काढली की वाफेवर शिजवून मग वाळवावी लागते. शिजवायला उशीर झाला की मालाचा रंग जातो, आणि रंगाच्या मागोमाग भाव. कुकर सगळ्यांचा होता. उभा मात्र आबासाहेबांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरापाशी. त्याला चाकं होती, पण ती फिरत नसत. आधी चेअरमनची हळद, मग संचालकांची, मग भावकीची, आणि सगळ्यांचं उरकलं की गावाबाहेरच्या बंजारा तांड्याची. याला कोणी अन्याय म्हणत नसे. याला मान म्हणत.

तांड्यावरच्या सक्रीबाई या संचालक मंडळातल्या एकुलत्या एक बाई. मंडळात एक बाई लागते म्हणून त्यांना घेतलं होतं. त्यांनी मीटिंगला यावं, सही करावी, चहा घ्यावा आणि जावं, अशी अपेक्षा होती. सक्रीबाई चहा घेत, सही करत आणि जाता जाता विचारत, “अन् कुकर?”

त्या उन्हाळ्यात संचालकांनी समुद्र बघायला जायचं ठरवलं. अर्थात ‘सहल’ हा शब्द चालणार नव्हता. सहलीला पोरं जातात. संचालक अभ्यास दौऱ्याला जातात. वार्षिक सभेत एका सभासदाने विचारलं, “हळदीचा अन् समुद्राचा काय संबंध हो?” आबासाहेब म्हणाले, “एक्स्पोर्ट काय बैलगाडीतून होतो काय?” मागून कोणीतरी म्हणालं, “मजा मारायला चालले, सरळ सांगा की.” तेव्हा आबासाहेब उभे राहिले. डोक्यावरचा फेटा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. आमच्या माहितीपत्रकात ‘डॉल्फिन व देवमासा दर्शन’ असं छापलेलं त्यांनी वाचलं होतं. ते म्हणाले, “समुद्राचा राजा डोळ्यानं पाहून आल्याबिगर हा फेटा डोक्यावर चढणार न्हाई.”

टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की आबासाहेबांना आपलं बोलणं खरं वाटू लागतं.

आता माहितीपत्रकाविषयी. कोकण किनाऱ्यावर डॉल्फिन बहुतेक दिसतात. देवमासा क्वचित, आणि तोही खोल पाण्याकडे. ‘व देवमासा’ हे शब्द मालकांनी घातले होते, कारण ओळीत जागा उरली होती. हा ग्रुप बिनसला, तर त्यांच्या सभासदांची अष्टविनायक आणि तिरुपतीही दुसऱ्या ऑफिसात जाणार होती. “मग इथं दोघांना पुरेल एवढं काम राहणार न्हाई,” मालक म्हणाले. दोघांपैकी मालक कोण, हे आधीच ठरलेलं होतं.

तर एका बाजूला चेअरमनचा फेटा, दुसऱ्या बाजूला माझी नोकरी, आणि मध्ये एक मासा ज्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

बस एक दिवस आणि एक रात्र चालून मालवणच्या बाजूला एका खाडीकाठच्या वाडीत पोचली. आबासाहेब उघड्या डोक्याने उतरले. मे महिन्याच्या उन्हात त्यांचं टक्कल प्रथमच सार्वजनिक झालं होतं आणि सचिव त्यावर छत्री धरून चालत होते. समुद्र समोर आला तसे सगळे संचालक ओळीने उभे राहिले. मग एकाने कोरडवाहू उसासा टाकला. “एवढं पाणी, अन् त्यात एक वाफा भिजत न्हाई.”

वाडीत सगळ्यांची घाई चालली होती. पावसाळ्यात मासेमारी बंद होते, होड्या वर ओढून झाकून ठेवतात, म्हणून मेअखेरीस जो तो मासळी सुकवून ठेवण्याच्या मागे असतो. आम्ही उतरलो त्या घरच्या शेवंतीताई अंगणात जाळं अंथरून सुंगटं वाळवत होत्या. सुंगटं म्हणजे कोळंबी. संचालकांनी नाकाला रुमाल लावले. सक्रीबाई मात्र जरा वेळ बघत उभ्या राहिल्या, मग पदर खोचून अंगणात बसल्या.

“काहून परतून नाही राहिल्या? खालून घाम धरंल,” त्या म्हणाल्या.

“दुपारी परततलंय,” शेवंतीताई म्हणाल्या. “तुमच्याकडे खंयची मासळी?”

“मासळी न्हाई माय, हळद. पण उनाचं काम सारखंच हाय.”

अर्ध्या तासात दोघींनी सगळं अंगण परतून काढलं. एकीचं बोलणं दुसरीला निम्मंच कळत असावं, पण अडत काहीच नव्हतं. आतल्या खोलीत त्या वेळी संचालक मंडळ ‘किनारपट्टीचे जीवनमान’ या विषयावर चर्चा करत होतं. खिडकी वासामुळे बंद ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीवर गेलो. बोटवाल्याचं नाव बाबल. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, “देवमासा दिसेल का?”

“देवमासो काय माझो बैल हा, हाक मारली का येतलो?” तो म्हणाला. “पण चार दिवस झाले, बाहेर पेडवे लागलेत. बारीक मासे. त्यांच्या मागान येता कधी कधी. फक्त गप ऱ्हावा.”

देवमासा बघायची रीत साधी आहे. खोल पाण्यात जाऊन इंजिन न्यूट्रलला टाकायचं, गप्प बसायचं आणि पाण्याकडे बघत राहायचं. तो श्वास सोडायला वर आला की पाण्याचा फवारा उडतो, तो दिसतो. थोडक्यात, यात भाषण बसत नाही.

पहिला तास बरा गेला. डॉल्फिन दिसले. संचालकांनी त्यांचे फोटो काढले; फोटोत फक्त पाणी आलं. दुसऱ्या तासाला चुळबूळ सुरू झाली. सक्रीबाईंना बोट लागली होती आणि त्या बोटीची कड धरून बसल्या होत्या. आबासाहेबांनी घड्याळ पाहिलं. वाट बघणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं नाही. त्यांची वाट बघितली जाते.

“वेळ वाया कशाला घालवायचा?” ते म्हणाले. “तवर कार्यक्रम उरकून घेऊ.”

मला वाटलं ते जेवणाबद्दल बोलताहेत. पण सचिवांनी पिशवीतून शाली काढल्या, नारळ काढले आणि शेवटी गुंडाळलेलं बॅनर काढलं. बॅनर हिंगोलीतच छापून आणलं होतं. त्यावर ‘सागरी अभ्यास दौरा’ अशी अक्षरं, डाव्या हाताला आबासाहेबांचा फेट्यातला फोटो आणि उजव्या हाताला एक निळा देवमासा. दोघांचा आकार सारखाच होता.

“आबासाहेब, इथं गप्प राहावं लागतं,” मी म्हणालो.

“सत्कार गपचूपच असतो हो. भाषण मी थोडक्यात करतो.”

बॅनर खुल्या समुद्राच्या बाजूने धरायचं ठरलं, म्हणजे फोटोत मागे किनारा आणि डोंगर येऊन गोंधळ होणार नाही. एक टोक मला दिलं, दुसरं उपाध्यक्षांना. आमच्यापुढे संचालक, लाइफ जॅकेटवर शाली पांघरून, मध्ये आबासाहेब. फोन बाबलच्या हातात. सगळ्यांची तोंडं किनाऱ्याकडे, पाठी समुद्राकडे. राहिल्या सक्रीबाई. महिला प्रतिनिधी म्हणून त्या फोटोत हव्याच होत्या, पण त्यांना ओकारी आवरेना.

“बाई, तुमी जरा बॅनरच्या मागं बसा,” सचिव म्हणाले. “नंतर तुमचा एकटीचा काढू.”

सक्रीबाई बॅनरमागे गेल्या आणि तोंड समुद्राकडे करून बसल्या.

आबासाहेब बोलू लागले. सागर, शेतकरी आणि निर्यात यांचं नातं ते सांगत होते. तेवढ्यात माझ्या पाठीमागे एसटीचा एअर ब्रेक सुटावा तसा आवाज झाला. फुस्स. मोठा आणि लांबलेला. पाठोपाठ नासक्या मासळीचा दर्प आला.

“हलू नका,” सचिव ओरडले. “फोटो हलंल.”

कोणी हललं नाही. मीही नाही, माझ्या हातात टोक होतं. आवाज दुसऱ्यांदा झाला. आबासाहेबांनी कपाळाला आठी घातली आणि आवाज ज्याने कोणी केला असेल त्याला क्षमा करून वाक्य पुरं केलं. बाबल फोनच्या काचेत बघत होता, आणि काचेत बॅनर होतं. फोटो निघाला. टाळ्या झाल्या. मग आम्ही बॅनर खाली घेतलं.

पाण्यावर एक मोठा गुळगुळीत डाग पसरत होता, तेल सांडल्यासारखा. आजूबाजूला लाटा, आणि तेवढ्या जागेत काहीच नाही.

बाबलने फोन खाली केला. “ह्यो त्याचो ठसो,” तो म्हणाला. “शेपटी मारून खाली गेलो. आता कोसभर लांब निघतलो.”

“कोण?” आबासाहेबांनी विचारलं.

सगळ्यांनी सक्रीबाईंकडे पाहिलं. त्या पदराने तोंड पुसत होत्या. चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे वेगळेच दिसत होते.

“म्हशीच्या पाठीवाणी,” त्या म्हणाल्या. “काळी. वर आली अन् सरकून राहिली, सरकून राहिली, सरतच न्हवती. मागं एवढुसं शिंग, वाकडं. दोनदा आला. दुसऱ्यांदा तर इथंच, त्या शेवंतीताईच्या अंगणाएवढ्या अंतरावर.”

“बरोबर,” बाबल म्हणाला. “तोच.”

“हाक काहून मारली न्हाई?” आबासाहेबांचा आवाज बारीक झाला होता.

“तुमचं भाषण चालू होतं,” सक्रीबाई म्हणाल्या.

आम्ही आणखी तासभर थांबलो. तो काही परत आला नाही. त्याने जेवढं बघायचं तेवढं बघितलं असावं.

संध्याकाळी सक्रीबाई अंगणात सुंगटं गोळा करत होत्या. मी ओट्यावर बसून मालकांना फोनवर काय सांगायचं ते जुळवत होतो. आबासाहेब आले. सोबत सचिव नव्हते, यावरून काम नाजूक आहे हे मला कळलं.

“सक्रीबाई,” ते म्हणाले, “गावात लोक जमतील. विचारतील. बोट एक, मासा एक. आपण सगळ्यांनीच पाहिला म्हणायचा. काय?”

“मी पाहिला.”

“तुमी पाहिला म्हंजे मंडळानं पाहिला.”

“मंग कुकर तांड्यावर आला तर मंडळाच्याच दारात आला म्हणा की.”

आबासाहेब खाटेवर बसले. “त्याचं इथं काय?”

“आमची हळद ढिगात तापून काळी पडते, अन् तुमी इचारता काय,” सक्रीबाई म्हणाल्या. त्यांचा हात थांबला नव्हता. “तुमाला डोक्याला फेटा पायजे. आमाला कुकर पायजे, पयल्या पाळीला. मी म्हणते, आबासाहेबांनीच पयले पाहिला. मान तुमचा. हे टूरवाले भाऊ हायत साक्षीला.”

मी टूर मॅनेजरचा तो चेहरा केला.

आबासाहेब बराच वेळ समुद्राकडे बघत होते. दिवसभरात त्यांनी समुद्राकडे तोंड केलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग ते म्हणाले, “पयल्या पाळीला न्हाई. माझ्या नंतर.”

“मंग मासा बी तुमी माझ्या नंतर पाहिला,” सक्रीबाई म्हणाल्या. “म्हंजे ठसा.”

गोरेगावात बस पोचली तेव्हा हलगी वाजत होती. चेअरमनच्या ओसरीपुढे मांडव घातला होता, टेबलावर फेटा ठेवला होता. आबासाहेबांनी माइक घेतला. त्यांचा देवमासा बसपेक्षा जरा लांब होता. लोकांनी माना डोलावल्या, पण सभेत मागून बोलणारा तो सभासद याही वेळी मागेच उभा होता. तो म्हणाला, “बाईला इचारा. बाई खोटं न्हाई बोलायची.”

माइक सक्रीबाईंकडे गेला. मांडवात शांतता झाली. बोटीवर हवी होती तशी.

“आबासाहेबांनी पाहिला,” त्या म्हणाल्या. “पयले त्यांनीच. मी मागं होते.”

टाळ्या कडाडल्या. फेटा चढला. सक्रीबाईंनी माइक दिला नाही. टाळ्या सरेपर्यंत थांबून त्या म्हणाल्या, “अन् कुकर?”

नुकत्याच चढलेल्या फेट्याने नकार देता येत नाही. आबासाहेबांनी तिथेच जाहीर केलं, येत्या हंगामात कुकर आधी तांड्यावर. आणि ही कल्पना आपल्याला भर समुद्रात सुचली, असंही सांगितलं.

पुढच्या हंगामात कुकर ट्रॅक्टरमागे लागून भर बाजारातून तांड्याकडे गेला. चाकं व्यवस्थित फिरत होती. आबासाहेबांचा देवमासा आता दोन बसएवढा झाला आहे आणि त्याने त्यांच्याकडे पाहिलंही होतं. त्यांच्या कार्यालयात तो फोटो लावलेला आहे: शाली, लाइफ जॅकेट, बॅनर, आणि सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत. माझी नोकरी राहिली. मालकांनी माहितीपत्रकात ‘खात्रीशीर’ हा शब्द वाढवला. ओळीत अजून जागा होती.

मी एवढंच शिकलो, की जिथं काही बघायला नेतात तिथं बॅनर कोणत्या बाजूला धरलंय ते आधी पाहावं आणि आपण दुसऱ्या बाजूला बसावं, उलटी होत असली तरी.

परवा सक्रीबाई ऑफिसात आल्या. औंदा दौरा कधी निघणार, विचारत होत्या. हळद वाळली की ती पॉलिश करायचा ड्रम असतो. तोही कंपनीचाच आहे आणि तोही आबासाहेबांच्या आखाड्यावर उभा आहे.

मी प्रामाणिकपणे सांगितलं, “सक्रीबाई, देवमासा दर वेळी दिसेलच असं नाही.”

“आबासाहेब येणार हायत का, तेवढं पक्कं करा,” त्या म्हणाल्या. “मासा काय, दिसंल.”