तीट लावलेली पाव्हणी

माझी तुळसामावशी चौदा घरांची मालकीण आहे, असं मी लहानपणी शाळेत सांगत असे. अगदीच खोटं नव्हतं ते. पोलादपूर तालुक्यात, उमरठच्याही वर डोंगरात तिची वाडी. एकूण घरं पंधरा, त्यांतली चौदा बंद. माणसं मुंबईला. गणपती आणि शिमगा एवढ्यापुरती ती वर येतात, नाचतात, जेवतात, भांडतात आणि जाताना घराची चावी मावशीच्या हातात देतात. मावशीला वाचता येत नाही. म्हणून ज्या घराची चावी, त्याच घरातल्या जुन्या कापडाची चिंधी तिला बांधलेली. तारेच्या कड्यात ओवलेला तो जुडगा कायम तिच्या कमरेला असतो आणि न बघता नुसत्या हातानं तिला कळतं, की कुठली चावी कुणाची.

मालकाचा फोन आल्याशिवाय घर उघडायचं नाही, ही तिची शिस्त. फक्त रोज तिन्हीसांजेला ती प्रत्येक घराच्या ओट्यावर चढते, कुलपाला एक हिसडा देते, ते खडखडलं की पुढे जाते. काका गेले त्याला वीस वर्षं झाली, मूलबाळ नाही, तेव्हापासून हे चाललंय. मी एकदा विचारलं होतं, बंद दारं हलवून काय मिळतं? तर म्हणाली, "घराला कळतं गो, कोणतरी हाय."

मी महाडला औषधाच्या दुकानात काम करते. चारजणांना रोज कडू गोळ्या गिळायला सांगून माझी जीभही तशीच झाली आहे, हे आईचं मत. मावशीनं खाली महाडला यावं म्हणून मी तीन वर्षं डोकं फोडत होते. अडुसष्ट वर्षांची बाई, सगळ्या वाडीत एकटी. पडली तर चार दिवस कुणाला पत्ता लागणार नाही. ती ऐकेना. शेवटी मी एक शहाणपणा केला, ज्याची मला आजही लाज वाटते.

महाडला काही कॉलेजची मुलं पत्र्याच्या शेडमध्ये अनाथ जनावरांचं निवारा केंद्र चालवतात. तिथून मी मांजराचं एक पिल्लू घेतलं. पांढरंशुभ्र, शेपटी तेवढी पिवळी. बाजारातल्या गटारात सापडलेलं. शिमगा संपून वाडी रिकामी झाली, त्यानंतर आठ दिवसांनी मी ते वर नेलं आणि मावशीला म्हटलं, "हिला सांभाळून दाखव. दर रविवारी हिचा फोटो पाठवायचा, केंद्राचा नियम आहे. जमलं नाही, काही विसरलीस, तर पावसाआधी मुकाट्यानं खाली यायचं."

मावशीनं पिल्लाकडे पाहिलं, पिल्लानं मावशीकडे. मग ती म्हणाली, "बरं. नापास झाले तर येते."

पहिले दहा दिवस पिल्लू एकाच खोलीत ठेवायचं होतं. तीन दिवस ते कणगीच्या मागून बाहेरच आलं नाही. मावशी वाटी ठेवून पाठ फिरवायची, तेव्हा जेवायचं. चौथ्या दिवशी तिच्या मांडीवर येऊन झोपलं. कागदावर त्याचं नाव स्नोई होतं. मावशी म्हणाली, असलं नाव माझ्या तोंडात बसत नाय, ही आपली पाव्हणी. रविवारी ती देवळाच्या पारावर चढायची, कारण रेंज तेवढीच तिथे, आणि मला फोटो पाठवायची. पहिल्या दोन फोटोंत अर्धं बोट आणि थोडी शेपटी होती. आवाजात मात्र इतका आनंद होता, की मी घेतलेली परीक्षा माझ्यावरच उलटली असं वाटलं.

मग पाव्हणी बाहेर फिरायला लागली आणि प्रकार सुरू झाला.

दुपारी जायची ती संध्याकाळी परत यायची. पोट टम्म. वाटीतल्या दूधभाताला तोंड लावायची नाही. एकदा मावशीनं तिला उचलून घेतलं, तर तिच्या तोंडाला सुकटीचा वास. मावशी माळकरी आहे. तीस वर्षांत तिच्या घरात सुकट शिरलेली नाही. आणि पंधरा घरांच्या त्या वाडीत दुसरी चूल पेटत नव्हती. मावशीला दोनतीनदा धुराचा वासही आला होता, पण होळीनंतर डोंगरात वणवे लागतातच, म्हणून तिनं तो सोडून दिला. मग एका दुपारी ती विहिरीवर गेली, तर दोर ओला. बाहेर ऊन असं, की दगडाला हात लावता येत नव्हता. तिनं सकाळी पाणी भरलं होतं, त्याला पाच तास झाले होते. तिनं दोर पिळून पाहिला, पाणी गळलं.

हे तिनं मला तेव्हा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी काय म्हणाले असते, हे तिला ठाऊक होतं.

त्यानंतरच्या रविवारी फोटो आला. या वेळी पिल्लू नीट मधोमध आलं होतं. पांढऱ्या गालावर काळा ठिपका. घाण नव्हे. तान्ह्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून लावतात तशी गोल, निगुतीनं टेकवलेली तीट.

मी हसतच फोन केला. "मावशी, पाव्हणीचे लाड फारच चाललेत. तीट काय लावलीस!"

मग ती हळू म्हणाली, "मीच लावली असंल."

लावली नाही, लावली असेल. दुकानात रोज अशी म्हातारी माणसं येतात. गोळी घेतली असेल, जेवलो असेन, सून कालच येऊन गेली असेल. मी दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकली. केंद्रातून पिल्लू आणायचा पिंजरा घेतला आणि पोलादपूरहून रिक्षा करून वर गेले. रस्ता संपतो तिथून पुढची चढण पायी. वाडीत पोचले तेव्हा बरोबर बारा वाजले होते.

मावशी ओट्यावर बसली होती. शेजारी कपड्यांचं गाठोडं बांधून तयार. वाटेत मी भांडणाची चांगली जय्यत तयारी केली होती. तिनं ती वाया घालवली.

"चल गो. नापास झाले," ती म्हणाली, आणि सुकटीपासून दोरापर्यंत सगळं एकदम सांगून मोकळी झाली. शेवटी म्हणाली, "फक्त जायच्या आधी कुलपं बघून येऊ. तिन्हीसांजेला मी नसन."

पाव्हणीचा पत्ता नव्हता. मी पिंजरा घेऊन मावशीच्या मागे निघाले. भर दुपारी त्या वाडीतून चालणं मला कधीच आवडलेलं नाही. पान हलत नव्हतं. दारांवर शिमग्यातली तोरणं सुकून काळी पडली होती. मावशी ओट्यावर चढायची, हिसडा द्यायची, कुलूप खडखडायचं, आणि तेवढा एक आवाज सोडला तर सगळीकडे सामसूम. मी "पाव्हणी, पाव्हणी" म्हणून हाक मारली, तर माझाच आवाज मला नकोसा झाला. मनातल्या मनात मी आठ घरं मोजली होती.

नववं घर गोमातात्याचं. हा मावशीचा चुलतदीर, पंचाहत्तरीचा, मुंबईला मुलांकडे असतो. मावशीनं कुलपाला हात घातला आणि दाराच्या आतून म्याऊ ऐकू आलं.

मावशी दोन पावलं मागे सरली. "ऐकलंस?"

"ऐकलं." तरी शहाणपणा सुटेना. "कौलांतून शिरलं असेल."

"आन् तीट? ती कौलांनी लावली?" ती ओट्यावर बसलीच. वीस वर्षं जिनं कुणाच्या खांद्यावर डोकं टेकलं नव्हतं, ती माझी मावशी पदर तोंडाशी धरून रडायला लागली. "माझंच डोकं फिरलंय उज्वला. मीच कायतरी करते आन् मलाच ठावं नाय. ने मला. चाव्या कुणाला तरी दे आन् ने."

आणि कुलूपबंद दाराच्या आतून माणसाचा आवाज आला.

"तिचं डोकं जाग्यावर हाय. तीट मी लावली."

माझ्या हातातला पिंजरा खाली पडला. मावशी मात्र उठली. जुडग्यात लाल चौकड्यांची चिंधी शोधायला लागली, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती तिच्या हाताला सापडेना. मीच काढून दिली.

आत अंधार होता. चुलीपाशी गोमातात्या बसला होता, दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, आणि मांडीवर पाव्हणी. मागचं दार आतून लोटलेलं. मावशी हिसडे द्यायची ते पुढच्या दारांना. परसदाराकडे बघायची तिला कधी गरजच वाटली नव्हती.

"तू लेकांना फोन करशील म्हणून लपलो," तो मावशीला म्हणाला. "तू खोटं बोलत नायस. म्हणून तुलाच घाबरलो."

दोन मुलगे, अनिल आणि भरत. दोघांचं आपसात बोलणं सणापुरतं. म्हातारा दोन महिने एकाकडे, दोन महिने दुसऱ्याकडे. "पिशवीतनं कपडे बाहेर काढायची सवयच गेली," तो म्हणाला. शिमग्याहून निघताना अनिलला सांगितलं भरतबरोबर जातो, भरतला सांगितलं अनिलच्या गाडीत बसतो, आणि परसात करवंदीच्या जाळीमागे बसून राहिला. गाड्या गेल्या. मावशीनं कुलूप लावलं. आधीच कडी काढून ठेवलेल्या मागच्या दारानं तो आत आला. घरात तांदूळ होते, डबाभर सुकट होती. मावशी रानात गेली की चूल पेटवायची, पाणी आणायचं. मग एक दिवस पिल्लू आलं.

"दीड महिना," मावशी म्हणाली. "दीड महिना मी जित्या माणसावर कुलूप हलवत होते?"

"ते बरं वाटायचं गो," तात्या म्हणाला. "तिन्हीसांजेला खडखडलं की वाटायचं, चला, आपली चौकशी झाली."

मावशीची शिस्त म्हणजे शिस्त, घर उघडलं तर मुलांना कळवायलाच हवं. आम्ही तिघं पारावर गेलो. मावशीलाही ऐकू यावं म्हणून मी स्पीकर लावला, तात्या मागेच उभा आहे हे माझ्या लक्षात राहिलं नाही. अनिल म्हणाला, "बाबा? ते भरतकडे आहेत." मी भरतला लावला. "दादाकडे आहेत की. का, काय झालं?"

मी सांगितलं. त्यानं विचारलं, बरे आहेत ना? मी मागे वळून पाहिलं. तात्या पाव्हणीच्या गालावरची पुसट झालेली तीट अंगठ्यानं साफ करत होता. तो म्हणाला, "चहा कर गो तुळसे. दीड महिना दूध घातलेला चहा नाय घेतला."

दोन्ही मुलगे येऊन गेले. तात्या गेला नाही. मावशीनं लाल चौकड्यांची चिंधी सोडून चावी त्याच्या हातात दिली आणि चिंधी स्वतःकडे ठेवली. आता तेरा कुलपं. नवव्या दाराला ती अजूनही हात लावते, कडी वाजवते, आणि आतून आवाज येतो, "हाय."

मी रिकामा पिंजरा घेऊन खाली आले, आणि त्या दुपारची भीती माझ्याबरोबर आली. बंद घरातल्या आवाजाची नव्हे. तो दीड महिना कुणी त्याला शोधलंच नाही, त्याची. महाडला मी एकटीच राहते. दुकान बंद करून घरी आले की माझं दार कोण हलवतं, हा प्रश्न मी तोवर स्वतःला विचारलाच नव्हता.

म्हणून रोज संध्याकाळी मी फोन करते. मावशी फेरी संपवून पारावर आलेली असते. बोलण्यासारखं काही नसतं. "मावशी?" मी म्हणते. "हाय गो," ती म्हणते, आणि ठेवते. परवा वर वारा सुटला होता, रेंज नव्हती. मी सात वेळा लावला. आठव्यांदा लागला तेव्हा माझ्या तोंडून शब्दच फुटेना. पलीकडे पाव्हणी ओरडत होती. मग मावशीचा आवाज आला, जरा घाबरलेला.

"उज्वला? हायस ना गो?"

"हाय," मी म्हटलं.